आरएस-४८५ मातीसेन्सर आणि लोराव्हॅन कन्व्हर्टर : लॅपटॉपवर आकडे बरोबर, सर्व्हरवर मात्र ओल २५.९ वरच थांबलेली

प्रश्न (द्राक्षबागायतदार, निफाड तालुका)

नमस्कार. आमच्या अडीच एकर द्राक्षबागेत ठिबकचे पाणी अंदाजाने न देता मातीतील ओल मोजून द्यावे, या हेतूने मी तीन मातीसेन्सर बसवले आहेत. आमची जमीन भारी काळी आहे. वरचा थर वाळून भेगा पडू लागतात तेव्हा खाली मुळांपाशी मात्र पुरेशी ओल असते, त्यामुळे मूठभर माती दाबून वाफसा ओळखण्याच्या पद्धतीने आमची अनेकदा फसगत झाली आहे. गोडी छाटणी जवळ आली असल्यामुळे त्याआधी ही यंत्रणा विश्वासार्ह व्हावी, अशी माझी इच्छा आहे.

प्रत्येक सेन्सर ओल, मातीचे तापमान आणि ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे मातीतील क्षारांचा अंदाज) असे तीन आकडे देतो. जोडणी आरएस-४८५ ची (ए आणि बी अशा दोन तारांवरून संकेत नेणारी) असून संवाद मॉडबस आरटीयू या प्रश्नोत्तरांच्या पद्धतीने होतो. बॉड रेट (दर सेकंदाचे बिट) ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही आणि स्टॉप बिट १ आहे. सेन्सर ज्या कन्व्हर्टरला जोडले आहेत तो बॅटरीवर चालतो आणि आकडे लोराव्हॅनने (कमी विजेवर दूरवर पोहोचणाऱ्या रेडिओ-जाळ्याने) घराच्या गच्चीवरील गेटवेकडे (संदेश झेलून सर्व्हरकडे देणाऱ्या यंत्राकडे) पाठवतो. कन्व्हर्टर भारतातील ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठीच घेतलेला आहे. नेटवर्कमध्ये तो पहिल्याच प्रयत्नात दाखल झाला आणि बॅटरीचे व्होल्टेज सर्व्हरवर नियमित येते. कन्व्हर्टरपासून सेन्सर अनुक्रमे २०, ६० आणि ११० मीटरवर आहेत. एकच लॅन केबल पहिल्या सेन्सरवरून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्यावरून तिसऱ्याकडे नेली आहे. तिची एक जोडी ए-बी साठी आणि एक जोडी वीजपुरवठ्यासाठी वापरली असून उरलेल्या दोन जोड्या रिकाम्या आहेत.

शेतात नेण्यापूर्वी घरी प्रत्येक सेन्सर स्वतंत्रपणे लॅपटॉपला जोडून त्यांना १, २ आणि ३ असे पत्ते दिले. त्या वेळी वीज १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून दिली होती. पुढील कमांड (सोळा-आधारी, म्हणजे हेक्स अंकांत) पाठवल्यावर तिन्ही सेन्सरनी बरोबर उत्तरे दिली :

०१ ०३ ०० ०० ०० ०३ ०५ सीबी
०२ ०३ ०० ०० ०० ०३ ०५ एफ८
०३ ०३ ०० ०० ०० ०३ ०४ २९

याच तीन कमांड मी कन्व्हर्टरमध्ये भरल्या. तीन रजिस्टर (सेन्सरमधील आकड्यांचे कप्पे) म्हणजे सहा बाइट, म्हणून प्रत्येक उत्तरातील १ ते ६ क्रमांकाचे बाइट घेऊन पुढे पाठवावेत, असे ठरवून दिले. कन्व्हर्टर दर १० मिनिटांनी जागा होतो, सेन्सरना ५ व्होल्ट देतो, अर्ध्या सेकंदाने प्रश्न विचारतो आणि पुन्हा झोपतो.

सर्व्हरवर पहिल्या सेन्सरची ओल सतत २५.९ आणि तापमान १५३.७ दिसते. ईसी ५,१२०, ५,८८८, ६,४०० अशी बदलत राहते. दुसऱ्या सेन्सरची ओल सतत ५१.५ आणि तापमान तेच १५३.७ आहे. तिसऱ्याच्या जागी नेहमी शून्ये येतात. शिवाय दिवसातून तीन-चार वेळा पहिल्या सेन्सरच्या जागीही सगळी शून्ये येतात. काल चार तास ठिबक चालवले, तरी ओल २५.९ वरून हलली नाही आणि ईसी मात्र ११,७७६ झाली. ए आणि बी तारांची अदलाबदल करून पाहिली तेव्हा सर्वच ठिकाणी शून्ये आली, म्हणून त्या पूर्ववत केल्या. सेन्सर मातीत नीट बसले नसावेत का? ते उकरून पुन्हा बसवावेत का? तसे केल्यास मुळांना इजा होण्याची भीती वाटते.

उत्तर (उपकरण-अभियंता, पुणे)

नमस्कार. कृपया एकही सेन्सर उकरू नका. आपण आकडे इतक्या तपशिलाने दिले आहेत की, निदान पहिल्या दोन सेन्सरपुरते, दोष कोठे आहे हे येथे बसून सांगता येते. ते दोन्ही सेन्सर चांगले आहेत, तारा बरोबर आहेत आणि बॉड रेटही बरोबर आहे. चूक केवळ उत्तराचा कोणता भाग कापून घ्यायचा, या एका ओळीत आहे.

मॉडबस आरटीयूच्या उत्तरात पहिला बाइट सेन्सरचा पत्ता असतो, दुसरा फंक्शन कोड (कोणते काम करायचे ते सांगणारा अंक) असतो आणि तिसरा पुढे किती बाइट माहिती आहे हे सांगतो. प्रत्यक्ष माहिती चौथ्या बाइटपासून सुरू होते आणि अखेरचे दोन बाइट सीआरसीचे (चूक पकडणाऱ्या तपासणी-अंकाचे) असतात. तीन रजिस्टरचे उत्तर म्हणून सहा नव्हे, अकरा बाइटचे असते. उदाहरणार्थ :

०१ ०३ ०६ ०१ १७ ०० ईए ०१ ३सी आणि त्यानंतर सीआरसीचे दोन बाइट

हे अंक सोळा-आधारी आहेत, त्यामुळे वरच्या बाइटला २५६ ने गुणून त्यात खालचा मिळवायचा. यातील ०१ १७ म्हणजे २५६ अधिक २३, म्हणजे २७९, अर्थात ओल २७.९ टक्के. ०० ईए म्हणजे २३४, अर्थात तापमान २३.४ अंश. ०१ ३सी म्हणजे ३१६, ही ईसी. आपण मात्र १ ते ६ बाइट घेतले. त्यामुळे सर्व्हरने ०१ ०३ ही ओल समजली. ती संख्या २५९ होते, दहाने भागल्यावर २५.९. दुसऱ्या सेन्सरचा पत्ता ०२ असल्याने तेथे ०२ ०३, म्हणजे ५१५, म्हणजे ५१.५ आले. आपण इतके दिवस ओल म्हणून पाहत आहात तो सेन्सरचा पत्ता आणि फंक्शन कोड आहे, आणि तो पाणी दिल्याने बदलण्याचे कारणच नाही. १५३.७ चे कोडेही यातच सुटते, कारण ०६ ०१ म्हणजे १५३७. त्यातील ०६ ही बाइटसंख्या आहे आणि ०१ हा खऱ्या ओलीचा वरचा बाइट आहे.

आपल्या ईसीच्या आकड्यांनी माझी उरलीसुरली शंका दूर केली. ५,१२०, ५,८८८, ६,४०० आणि ११,७७६ या सर्व संख्यांना २५६ ने नि:शेष भाग जातो. खरी ईसी अशी वागणार नाही. तेथे खऱ्या ओलीचा खालचा बाइट आणि त्यापुढे तापमानाचा वरचा बाइट एकत्र वाचला जात आहे, आणि माती २५.६ अंशांहून थंड असेपर्यंत तो वरचा बाइट शून्य असतो. म्हणजे आपली गेल्या दिवसांची नोंद वाया गेलेली नाही. ५,१२० ला २५६ ने भागल्यावर २० येतात. त्यात वरच्या बाइटचे २५६ मिळवले की २७६, म्हणजे ओल २७.६ टक्के होती. ठिबक चालवल्यानंतरच्या ११,७७६ मधून ४६ मिळतात, त्यावरून ओल ३०.२ टक्के झाली होती. सेन्सरने पाणी ओळखले होते, फक्त तो आकडा चुकीच्या रकान्यात पडला. ज्या नोंदींत तापमान १५३.७ आहे त्या सर्वांना हे सूत्र लागू पडते. एखाद्या उष्ण दुपारी भागाकारात बाकी १ उरली तर गोंधळून जाऊ नका, माती २५.६ अंशांच्या वर गेली इतकाच त्याचा अर्थ.

आता दुरुस्ती. १ ते ६ ऐवजी ४ ते ९ बाइट घ्यावेत. मात्र लगेच तसे करण्याऐवजी दोन दिवस तिन्ही उत्तरे न कापता अख्खी पाठवावीत, असे माझे मत आहे. अकरा बाइटची तीन उत्तरे म्हणजे ३३ बाइट होतात, बॅटरीचे दोन-तीन बाइट धरूनही हे पेलोड (संदेशातील माहिती) सर्वांत संथ डेटा रेटच्या ५१ बाइटच्या मर्यादेत बसते. अख्खे उत्तर डोळ्यांसमोर असले की शून्यांचे दोन वेगळे प्रकार ओळखता येतात. ०१ ०३ ०६ ही सुरुवात असून पुढे शून्ये असतील, तर सेन्सरने उत्तर दिले आहे, पण त्याचे पहिले मोजमाप पूर्ण झालेले नव्हते. सुरुवातीपासूनच सगळी शून्ये असतील, तर उत्तर आलेच नाही. दुसऱ्या बाइटच्या जागी ८३ दिसला तर ती सेन्सरची हरकत समजावी. त्यापुढे ०२ असेल तर विचारलेले रजिस्टर त्याच्याकडे नाही, परंतु तारा आणि बॉड रेट ठीक आहेत, हेही त्यातूनच सिद्ध होते.

पहिल्या सेन्सरच्या अधूनमधून येणाऱ्या शून्यांचे कारण बहुधा अर्धा सेकंद हेच आहे. घरी सेन्सरला वीज अखंड होती, शेतात त्याला दर वेळी झोपेतून उठवून लगेच प्रश्न विचारला जातो, आणि पहिला प्रश्न नेहमी त्याच्याच वाट्याला येतो. सेन्सरच्या पुस्तिकेत वीज दिल्यापासून स्थिर मोजमापापर्यंतचा वेळ दिलेला असतो, तो पाहावा. तोपर्यंत प्रतीक्षा ५ सेकंद ठेवावी आणि प्रत्येक उत्तराची वाट पाहण्याची मुदत १ सेकंद ठेवावी. हे बदल शक्यतो कन्व्हर्टरला यूएसबी-सीरियल तार जोडून करावेत. लोराव्हॅनमधील क्लास ए चे उपकरण स्वतः काही पाठवल्यानंतरच क्षणभर ऐकते, त्यामुळे डाउनलिंकने (सर्व्हरकडून उपकरणाकडे येणाऱ्या संदेशाने) केलेला प्रत्येक बदल पुढच्या फेरीपर्यंत ताटकळतो.

उत्तर (विद्युत कंत्राटदार, सांगली)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. तिसऱ्या सेन्सरविषयी मात्र माझा संशय वीजपुरवठ्यावर आहे. लॅन केबलची तार बारीक असते. २४ गेजच्या शुद्ध तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०८४ ओहम असतो आणि प्रवाह जाऊन परत येत असल्याने अंतर दुप्पट धरावे लागते. प्रत्येक सेन्सर १५ मिलिअँपिअर घेतो असे धरू. पहिल्या २० मीटरमध्ये तिघांचा प्रवाह वाहतो, तेथे ०.१५ व्होल्ट पडतात. पुढील ४० मीटरमध्ये दोघांचा, तेथे ०.२०. अखेरच्या ५० मीटरमध्ये एकाचा, तेथे ०.१३. एकूण जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. ५ व्होल्टपैकी तिसऱ्या सेन्सरपर्यंत साडेचारच पोहोचतात, आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या पुष्कळ सेन्सरची किमान मर्यादाही तेवढीच असते. सुरू होतानाचा प्रवाह नेहमीच्या प्रवाहापेक्षा अधिक असेल तर तूट आणखी वाढते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनिअमच्या लॅन केबल सर्रास मिळतात. आपली तशी असेल तर हा हिशेब आणखी प्रतिकूल होतो, म्हणून तारेचे टोक खरवडून आतला रंग अवश्य पाहावा.

मल्टिमीटर तिसऱ्या सेन्सरच्या टोकांवर धरावा आणि कन्व्हर्टर जागा झाल्याच्या क्षणी वाचन घ्यावे. सेन्सर सोडवून मोजले तर तेथे बरोबर ५ व्होल्ट दिसतील आणि काहीच निष्पन्न होणार नाही, कारण प्रवाहच नसेल तर व्होल्टेज पडत नाही. उपाय आपल्याकडे आधीच आहे. केबलच्या रिकाम्या दोन जोड्यांपैकी एक धन तारेला आणि एक ऋण तारेला जोडून घ्यावी. त्यामुळे प्रत्येक बाजूला एकाऐवजी तीन तारा येतात आणि तूट एक तृतीयांशावर येते. कन्व्हर्टरला १२ व्होल्टचा पर्याय असल्यास आणि सेन्सरला तो चालत असल्यास तेही करता येईल.

याशिवाय दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावावेत, असे सुचवतो. आरएस-४८५ चा तो नियमच आहे.

उत्तर (उपकरण-अभियंता, पुणे)

वीजपुरवठ्याचे विश्लेषण अत्यंत उपयुक्त आहे, पहिल्या वाचनात तो मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. १२० ओहमबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. त्या रेझिस्टरचे काम तारेच्या टोकावरून परतणारा प्रतिध्वनी शोषून घेण्याचे असते. ११० मीटरच्या तारेवर संकेत जाऊन परत येण्यास सुमारे एक मायक्रोसेकंद लागतो, तर ९६०० बॉडवर एक बिट १०४ मायक्रोसेकंद टिकतो. बिटच्या मध्यावर वाचन होईपर्यंत प्रतिध्वनी केव्हाच विरून गेलेला असतो. तार बाराशे मीटरच्या आसपास असती किंवा वेग शंभर-दोनशे किलोबॉड असता, तर मीही रेझिस्टरचाच आग्रह धरला असता.

येथे त्यांचा त्रासच अधिक होईल. दोन रेझिस्टर मिळून ६० ओहमचा भार होतो, आणि प्रत्येक बिट पाठवताना त्या भारात २५ मिलिअँपिअर वा त्याहून अधिक प्रवाह वाहतो. शिवाय कोणीही बोलत नसताना हा भार ए आणि बी तारांना जवळजवळ समान व्होल्टेजवर आणून ठेवतो. आरएस-४८५ मध्ये दोन तारांतील फरक ऋण २०० ते धन २०० मिलिव्होल्टच्या दरम्यान असेल, तर संकेत घेणाऱ्या बाजूने काय समजावे हे ठरलेले नाही. जुन्या घडणीचे चिप अशा वेळी स्वतःहून खोटे बाइट निर्माण करतात आणि मग उत्तराच्या सुरुवातीला एखादा अनोळखी बाइट चिकटून येतो. ज्या कन्व्हर्टरमध्ये बाइटचा क्रमांक मोजून माहिती कापली जाते, तेथे असा एक जादा बाइट आला की पुढचे सर्व आकडे एका घराने सरकतात. म्हणून आपल्याकडील तारेवर रेझिस्टर लावू नयेत.

ए-बी साठी पीळ दिलेली एकच जोडी वापरावी आणि ऋण तार सर्व सेन्सरना समान ठेवावी, या दोन गोष्टी मात्र सोडू नयेत. एका जोडीतील एक आणि दुसरीतील एक अशी तार निवडली की पिळाचा उपयोग राहत नाही.

प्रतिसाद (द्राक्षबागायतदार, निफाड तालुका)

आपण दोघांनी दिलेल्या मार्गदर्शनाबद्दल मनापासून आभार. जुन्या नोंदी २५६ ने भागून पाहिल्या आणि पहिल्या सेन्सरचा नऊ दिवसांचा आलेख मिळाला. त्यात दोन वेळा दिलेले पाणी आणि त्यानंतरची उतरण स्पष्ट दिसते. ती नोंद हातची गेली असेच मी धरून चाललो होतो, म्हणून फार समाधान वाटले.

अख्खी उत्तरे पाठवल्यावर पहिल्या सेन्सरच्या शून्यांत दोन्ही प्रकार आढळले. कधी उत्तरच नव्हते, तर कधी ०१ ०३ ०६ नंतर शून्ये होती. प्रतीक्षा ५ सेकंद केल्यापासून ती बंद झाली. तिसऱ्या सेन्सरच्या टोकांवर कन्व्हर्टर जागा असताना ४.३ व्होल्ट मिळाले, आणि पुस्तिकेत किमान ४.५ लिहिलेले आहे. केबल तांब्याचीच निघाली. रिकाम्या जोड्या जोडल्यावर तेथे ४.७ मिळू लागले आणि त्याच दिवसापासून तिसराही सेन्सर नियमित उत्तर देत आहे. आता ४ ते ९ बाइट घेण्याची व्यवस्था केली आहे.

दोन शंका उरल्या आहेत. दर १० मिनिटांची नोंद ठेवावी का? आणि पुढे कधी शून्ये आली तर सर्व्हरने त्यांचे काय करावे?

उत्तर (उपकरण-अभियंता, पुणे)

काळ्या जमिनीत २० ते ४० सेंटिमीटर खोलीवर ओल दहा मिनिटांत लक्षात येण्याइतकी बदलत नाही. ठिबकच्या पाण्यासाठी अर्ध्या तासाची नोंद पुरेशी आहे. बॅटरीचा हिशेब असा : तीन सेन्सर मिळून ४५ मिलिअँपिअर, ५ सेकंद, दिवसातून ४८ वेळा. बॅटरी ३.६ व्होल्टची असल्यास ते व्होल्टेज ५ पर्यंत चढवण्यातील घट धरून दिवसाला सुमारे ५ मिलिअँपिअर-तास खर्च होतात. तेच सेन्सर १२ व्होल्टवर तेवढाच प्रवाह घेत असतील तर खर्च सुमारे १२ होतो, आणि दहा मिनिटांची फेरी ठेवल्यास दोन्ही आकडे तिप्पट होतात. म्हणूनच रिकाम्या जोड्यांचा उपाय मला १२ व्होल्टपेक्षा अधिक चांगला वाटतो. रेडिओचा खर्च यापेक्षा वेगळा आहे. एवढा संदेश एसएफ १२ (सर्वांत संथ, पण दूर पोहोचणारी रेडिओ सेटिंग) वर हवेत १.८ सेकंद राहतो, एसएफ ७ (सर्वांत वेगवान) वर सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी. गेटवेचा अँटेना मांडवाच्या आणि झाडांच्या वर, मोकळ्या जागी असेल तर त्याचा लाभ थेट बॅटरीला होतो.

शून्यांबद्दल माझे म्हणणे ठाम आहे. न मिळालेली नोंद सर्व्हरने शून्य म्हणून कधीही साठवू नये. सहाही बाइट शून्य असतील तर तो रकाना रिकामा ठेवावा, आणि सलग तीन फेऱ्या रिकामा राहिला तर आपल्याला सूचना जावी. निफाडला थंडीत पारा फार खाली उतरतो हे खरे, परंतु इतक्या खोलीवरील माती शून्य अंशावर जाणार नाही, त्यामुळे या नियमात खरी नोंद गाळली जाण्याची भीती नाही. ओल शून्य टक्के आहे असे समजून ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप उघडण्याची व्यवस्था आपण पुढे करणार असाल, तर हा नियम त्याच्या आधी अमलात आला पाहिजे. भारी जमिनीत, मण्यांत पाणी उतरण्याच्या दिवसांत, रात्रभर चाललेल्या ठिबकचे परिणाम आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

तापमानाचे दोन बाइट डीकोडरमध्ये (सर्व्हरवर बाइटचे आकडे करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) धन-ऋण चिन्हासह वाचावेत, हेही आताच लिहून ठेवावे. मातीसेन्सरपुरते त्याने काही बिघडणार नाही, परंतु याच तारेवर आपण पुढे हवेचे तापमान आणि पानांवरील ओलावा मोजणारे सेन्सर जोडले, तर तोच डीकोडर उचलला जाईल आणि ऋण १ अंशाच्या पहाटे तो ६,५५२.६ दाखवील.

प्रतिसाद (द्राक्षबागायतदार, निफाड तालुका)

फेरी अर्ध्या तासाची केली आहे आणि शून्यांचा नियम डीकोडरमध्ये लिहिला आहे. व्हॉल्व्ह या हंगामात हातानेच चालवणार आहोत. कन्व्हर्टरच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला असून त्यावर तिन्ही पत्ते, तिन्ही कमांड, ४ ते ९ हे बाइट, ५ सेकंदांची प्रतीक्षा आणि तारांचे रंग लिहिले आहेत. आज सकाळी ७ वाजता ओल अनुक्रमे २९.४, ३१.० आणि २६.८ टक्के होती. तिसऱ्या सेन्सरच्या बाजूला बांध उतरता असल्याने ती ओळ लवकर वाळते, असे वडील पूर्वीपासून सांगत आले आहेत.